मैदानाची दुसरी बाजू

वेस्टरगार्ड, आयोवा
२२ फेब्रुवारी २००९

ग्वेन,

आधी तक्रार. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मी दोन पत्रं लिहिली. त्यांचं उत्तर म्हणून मला एक छापील कागद आला. ‘प्रिय चाहते, ओमाहा हेरन्स महिला बास्केटबॉल संघावरील आपल्या प्रेमाबद्दल आम्ही आभारी आहोत.’ खाली कुणा ट्रेव्हरची सही, तीसुद्धा छापलेली, आणि सोबत फ्रिजवर चिकटवायचा एक बगळा, संघाचं चिन्ह. मी तुझी चाहती नाही. मी तुझ्या आईची आई आहे. आणि चौतीसपैकी सत्तावीस सामने हरणाऱ्या संघावर माझं प्रेम आहे असं त्या ट्रेव्हरला कुणी सांगितलं? हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथे तरी तूच पेटी उघडत असशील.

ते झालं. तू बरी असशील असं धरते. मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. बर्फ टपालपेटीच्या उंचीला आलाय. तुझी आई दर रविवारी फोन करते, मला काही ऐकू येत नाही, मी अधूनमधून ‘हो, हो’ म्हणते आणि तिचं समाधान होतं. म्हणून तू फोन करू नकोस, लिही.

नाताळात तू संघात घ्यायला बघ म्हणालीस, ती पोरगी काल कॉलेजात जाऊन बघून आले. ब्रेन्ना ओल्थॉफ. डुकरं पाळणाऱ्या ओल्थॉफांची धाकटी. गाडी व्हर्नाने चालवली. माझं लायसन्स त्यांनी काढून घेतलं आणि तिचं अजून ठेवलंय. का, ते तिच्या शेजारी बसलेल्या कुणालाही समजणार नाही.

तुझ्या ऑफिसातली पोरं विचारतील, ही म्हातारी कोण आणि हिला काय कळतं. त्यांना हे वाचून दाखव. आमच्या वेळी आयोवात शाळेच्या मुली सहा-सहाजणींचा बास्केटबॉल खेळायच्या. मैदानाच्या मधोमध रेघ. तीन फॉरवर्ड रेघेच्या पलीकडे, त्यांनी फक्त बास्केट करायची. तीन गार्ड अलीकडे, त्यांनी फक्त अडवायचं. रेघ ओलांडायची नाही. मी गार्ड होते. दोन हिवाळे खेळले आणि सामन्यात एकदाही बास्केटकडे बॉल टाकला नाही, कारण माझ्या बाजूला होती ती बास्केट समोरच्यांची. बॉल काढून घ्यायचा, रेघेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे ह्याच व्हर्नाच्या, आमच्या फॉरवर्डच्या, हातात द्यायचा. मग ती टाकणार, लोक उठून टाळ्या वाजवणार, आणि आम्ही तिघी रेघेवर पायाची बोटं टेकवून बघत उभ्या.

त्याची सवय अशी लागली की आजही मी अडवणं चालू असतं तेवढंच अर्धं मैदान बघते. बॉल पलीकडे गेला की मी पर्समध्ये गोळ्या शोधते. व्हर्ना दुसरं अर्धं बघते. एका गाडीतून जातो, पण बसतो दोन टोकांना. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तशा आम्हीही बदलतो. वाटेत पॉपकॉर्नच्या खिडकीपाशी गाठ पडते, तिथे अर्धा संपलेला डबा ती माझ्या हातात देते.

आता पोरगी. हातातला कार्यक्रमाचा कागद मी डोळ्यांसमोर असा धरते की बॉल झाकला जावा. बॉल सगळ्यांनाच दिसतो, त्यात काय. मी पाय बघते. ब्रेन्नाचे पाय आळशी नाहीत आणि घाईतही नाहीत. तिच्या वाट्याला आलेली मुलगी सामन्याला बावीस पॉइंट करते म्हणे. काल तिने चार केले. पण तुझ्या त्या आकड्यांच्या कागदावर ब्रेन्नाच्या नावापुढे काहीही दिसणार नाही. तिने बॉल हिसकावला नाही, उडी मारून पाडला नाही. ती फक्त प्रत्येक वेळी बॉल आणि त्या मुलीच्या मध्ये एक पाऊल आधी पोचून उभी होती. बावीसवालीकडे बॉल आलाच नाही. दुसऱ्या सत्रात ती वैतागून म्हणाली, “जरा सोड ना मला.” मी पुढून दुसऱ्या रांगेत होते, ऐकायचं यंत्र कानात होतं. ब्रेन्ना म्हणाली, “श्वास घेऊन घे. बॉल येत नाहीये.” खिजवून नाही, माहिती द्यावी तसं.

तुझे सामने मी व्हर्नाच्या टीव्हीवर बघितलेत. बास्केट करणाऱ्या तीनजणी आहेत तुझ्याकडे, आणि तिघी अडवायला उभ्या राहतात तेव्हा दार उघडून ‘या, बसा, कोट द्या इकडे’ म्हणणाऱ्या यजमानिणींसारख्या दिसतात. म्हणून समोरचे सामन्याला शहाऐंशी पॉइंट करून जातात. कॉलेजच्या पोरी संघांत वाटून घ्यायच्या त्या ड्राफ्टमध्ये हरणाऱ्यांना आधी निवडू देतात, त्यामुळे यंदा दुसरी निवड तुझी. तुझा तो गॅरेजचे दरवाजे विकणारा मालक मॅडिसन पार या कॉलेजच्या पोरीच्या मागे आहे हे मला माहीत आहे. ती टीव्हीवर असते आणि सत्तावीस पॉइंट करते. ती तुझी चौथी यजमानीण होईल. तू ओल्थॉफांची घे.

येताना व्हर्ना गाडीत काहीबाही बोलत होती. रस्ता घसरडा होता, मी लक्ष दिलं नाही.

तुझी आजी,
आर्लिस क्रूस


१४ मार्च

ग्वेन,

तुझं पत्र आलं. पेन्सिलीने लिहिलंय, पण हाताने लिहिलंय, तेव्हा चालेल. तू बरी आहेस हे कळलं, झोप लागत नाही हेही कळलं. झोपेच्या गोळ्या घेऊ नकोस. आमच्या चर्चमधली एक बाई त्या घेऊन प्रार्थनेत घोरायची.

तू माझं पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवलंस म्हणे. सगळ्यांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. यजमानिणींच्या वाक्यापाशी तुझे मालक, मिस्टर स्टॅनेक, हसले आणि नंतर हसायचे थांबले. तेवढा भाग मी दोनदा वाचला, मग चष्मा पुसून आणखी एकदा. गावात मी कुणाला सांगितलेलं नाही. कॅफेतल्या पोरीला सांगितलं, कारण तिने विचारलं की पत्र कुणाचं. मग तिथे बसलेल्यांना आपोआपच कळलं.

पण पुढचं काही मला आवडलं नाही. स्टॅनेक म्हणाले, “घे तुझ्या आजीची पोरगी. पण पुढच्या हंगामात समोरचे ऐंशीच्या खाली आले नाहीत, तर तू तुझं टेबल रिकामं करायचं.” म्हणजे आता तुझी नोकरी ओल्थॉफांच्या पोरीच्या पायांवर उभी आहे, आणि ते पाय तू बघितलेले नाहीत, मी बघितलेत. तुझं टेबलही मी बघितलंय. ते रिकामं करायला आठवडा लागेल.

तू तीन प्रश्न विचारलेस. उत्तरं देते.

पहिला, तिच्यापेक्षा धिप्पाड मुलींसमोर ती टिकेल का. टिकेल. ती वयाच्या आठव्या वर्षापासून दोनशे किलोच्या डुकरिणींना फाटकातून मागे ढकलते आहे. मी विचारलं तिला. परवा तिचा शेवटचा घरचा सामना झाला, त्यानंतर तिला कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठलं. म्हटलं, “मी हेरन्सच्या ग्वेनची आजी.” ती म्हणाली, “ओमाहाच्या? तुम्ही त्याच का, पहिल्या सत्रात इकडे आणि दुसऱ्या सत्रात तिकडे बसता त्या? आम्ही सगळ्याजणी तुमच्यावर पैज लावतो, आज जागा बदलणार की नाही.” मी म्हटलं, “बदलणारच.” ती म्हणाली, “म्हणून तर पैज आता बंद पडली.” पोरीला जीभ आहे. मला आजी म्हणाली, ते चालवून घेतलं.

डुकरांचं तिने असं सांगितलं: “जोर लावायचा नसतो, आजी. ती कुठे जायचं ठरवते ते तिच्या आधी ओळखायचं. एकदा ती चालायला लागली की मग तुम्ही गेलात.” हे तुझ्या कोचला सांग. पगार घेऊन त्याला हे सुचलेलं नाही.

दुसरा प्रश्न, ती फाउल करून बाहेर बसते का. नाही. अख्ख्या हंगामात एकदाच, आणि त्या पंचाला दिसत नव्हतं. मी त्याच्या आईला ओळखत होते, तिलाही दिसत नसे.

मी तिला सांगितलं की ओमाहा तुला पहिल्या फेरीत घेणार आहे. म्हटलं, आईवडलांना सांगून ठेव. ती भिंतीला टेकली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. मग म्हणाली, “मला कुणी म्हटलं होतं, तिसऱ्या फेरीत घेतलं तरी नशीब.” मी म्हटलं, “त्या कुणाला पाय बघता येत नसतील.”

तुझा तिसरा प्रश्न, बॉल हातात आल्यावर ती काय करते. त्याचं पुढच्या पत्रात लिहिते. टपालवाल्याची गाडी कोपऱ्यावर आली आहे.

आजी


४ एप्रिल

ग्वेन,

टपालवाल्याची गाडी कोपऱ्यावर आली नव्हती. तो दुपारी दोनला येतो आणि मी ते पत्र सकाळी लिहिलं.

ड्राफ्ट पुढच्या गुरुवारी आहे. हे पत्र सोमवारी तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून व्हर्नाला शेजारच्या तालुक्याच्या पोस्टात पाठवते आहे, तिथून लवकर निघतं. पूर्ण वाच आणि मग वाटेल तेवढी चीड.

ब्रेन्ना बॉल हातात आल्यावर काय करते हे मला माहीत नव्हतं, कारण मी बघितलंच नाही. मी बघितलेल्या प्रत्येक सामन्यात तिच्या संघाकडे बॉल गेला की मी पर्समध्ये होते. पण व्हर्ना बघत होती. फेब्रुवारीत येताना गाडीत ती जे काहीबाही बोलत होती ते हे होतं:

“तुझी लाडकी आज सात वेळा बास्केटखाली एकटी उभी होती, आर्लिस. सात वेळा बॉल तिच्या हातात आला. सातही वेळा तिने तो दुसरीला देऊन टाकला, गरम तवा हातात आल्यासारखा.”

मी म्हटलं, “रस्त्याकडे बघ.”

“रस्त्याकडे बघते आहे. समोरच्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं की ही टाकत नाही. मग तिच्यावर कुणी उभीच राहिली नाही. तिची राखणदार दुसरीकडे मदतीला गेली. म्हणजे त्या पाचजणी आणि आपल्या चार. कॉलेजात खपून जाईल. तुझ्या नातीच्या लीगमध्ये खाऊन टाकतील.”

मी म्हटलं, “तुम्हा फॉरवर्डना बास्केटशिवाय काही दिसत नाही.” ती म्हणाली, “तुम्हा गार्डना बास्केट दिसतच नाही.”

हे मला पहिल्या पत्राच्या आधी माहीत होतं. दुसऱ्याच्या वेळी तर तू सरळ विचारलंस, तरी लिहिलं नाही. आता तू कळवतेस की गुरुवारी दुसरी निवड तिच्यावर घालायची हे स्टॅनेकशी ठरलं, कागद तयार झाला. तेव्हा आता लिहिते आहे. उशीर झालाय, मला कळतंय.

व्हर्नाचं मी खोटंही धरू शकले असते. म्हणून परवा तिला कॉफीला बोलावलं. ती पंचावन्न वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर नीट टेकून बसलेली नाही, नेहमी दारातून बोलते आणि जाते. मी कागद घेतला आणि म्हटलं, “पहिल्यापासून सांग, मी लिहून घेते.” ती म्हणाली, “तू माझं लिहून घेणार?” म्हटलं, “कॉफी गार होते आहे.” मग तिने सांगितलं. सगळं सोबतच्या पानावर आहे. मी त्यात एक शब्दही बदललेला नाही, ‘आर्लिसच्या हट्टामुळे’ हेसुद्धा तसंच ठेवलंय.

काल आम्ही दोघी कॉलेजच्या व्यायामशाळेत गेलो. ब्रेन्ना एकटीच दोरीवरच्या उड्या मारत होती. मी व्हर्नाशेजारी बसले, तिच्या बाजूला. तिथून मैदान वेगळंच दिसतं, एवढंच सांगते. व्हर्नाने पोरीला हाक मारली, “ये, पन्नास टाक.” ब्रेन्ना म्हणाली, “काय टाकू?” म्हणजे बघ.

पन्नासांत अकरा पडले. मी मोजले. व्हर्ना म्हणाली, “हात वाईट नाही. कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर जातंय. कुणी सांगितलं नाही का?” ब्रेन्नाने सांगितलं, “शाळेतला कोच म्हणायचा, तू बॉल दे आणि मागे पळ. इथलाही तेच म्हणतो. मला टाक असं कुणी म्हणालंच नाही.”

मी तिला तिथेच सांगितलं की हे मी ग्वेनला लिहिणार आहे. दुसऱ्या कुणाकडून तिला कळलं असतं तर ते हलकटपणाचं झालं असतं.

ती म्हणाली, “म्हणजे ते मला घेणार नाहीत.”

“पहिल्या फेरीत घेणार नाहीत.”

“तुम्ही म्हणालात घेणार.”

“म्हणाले. चुकीचं म्हणाले.”

“मी घरी सांगितलं. बाबांनी ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं. त्यांनी त्या दिवसासाठी माणूस लावलाय डुकरांकडे, वीस वर्षांत पहिल्यांदा.”

ब्रेन्नाने बॉल उचलला, जाळीत ठेवला, टॉवेल घेतला आणि “बरं, मिसेस क्रूस” म्हणून गेली.

आता तुझं. पाय जे मी सांगितले ते तसेच आहेत. अडवण्याबद्दल मी लिहिलेलं एकही वाक्य मागे घेत नाही. पण ती निम्मीच खेळाडू आहे आणि मी तुला ती पूर्ण म्हणून विकली. हे बाकीच्या संघांच्या खेळाडू शोधणाऱ्या माणसांनाही दिसलं असणारच. त्यांना दुसरी बाजू दिसते, माझी दिसत नाही. म्हणजे पहिल्या फेरीत तिला दुसरं कुणी घेणार नाही असं व्हर्ना म्हणते, आणि मलाही तसंच वाटतं. या माहितीचं तू काय करायचं ते तुझं काम. स्टॅनेकना सांगायचं असेल तर माझं नाव घे. मीटिंगमध्ये हेही पत्र वाच. पहिलं वाचलंस तर हेही वाचायला हवं.

आजी


१३ एप्रिल

ग्वेन,

गुरुवारी आम्ही व्हर्नाकडे बघितलं. तिचा टीव्ही मोठा आहे, आणि त्याच्यावर ठेवलेला तो फोटोही मोठा आहे, तुला माहीतच आहे कुठला. एक्कावन्न साल, राज्याची स्पर्धा, व्हर्ना हवेत. तोच कॅफेतही लावलाय.

तुझा माणूस मंचावर आला आणि त्याने टेनेसीच्या एका उंच पोरीचं नाव घेतलं, तेव्हा व्हर्नाने माझ्याकडे बघितलं नाही आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. ती उंच पोरगी चांगली आहे. अडवतेही, टाकतेही. तिचे पाय जरा जड आहेत, पण हात लांब असल्यावर माणूस थोडं उशिरा पोचलं तरी चालतं. मॅडिसन पार पुढच्या संघाने उचलली. देव तिला सुखी ठेवो.

मग वाट बघणं. पहिली फेरी संपली. सगळ्या तेरा पोरी झाल्या, सगळ्यांनी टोप्या घातल्या, आयांनी डोळे पुसले. मी ओल्थॉफांच्या घरचा विचार करत होते, ओळखीची सगळी मंडळी सोफ्यावर, आणि डुकरांकडे तो भाड्याचा माणूस. व्हर्ना म्हणाली, “आर्लिस, बशी खाली ठेव, फोडशील.” मग दुसऱ्या फेरीत तुझी पाळी, पंधरावी, आणि ब्रेन्ना ओल्थॉफ. नाव चुकीचं उच्चारलं त्याने. पण तेच होतं.

स्टॅनेकनी तुला अजून घालवलेलं नाही हे वाचलं. एका निवडीऐवजी दोन अडवणाऱ्या मिळाल्या, आणि दुसरीला फारसा पगार द्यावा लागत नाही, तेव्हा ते खूश आहेत, असं तू लिहितेस. ऐंशीचा आकडा मात्र त्यांनी सोडलेला नाही. तू आभार मानलेस. ते मी घेत नाही. तुला ही गोष्ट फेब्रुवारीत सांगितली असती तर तुझी सहा आठवड्यांची झोप वाचली असती, आणि त्या पोरीला खोटं सांगितलं गेलं नसतं. आता तिला हंगामाआधीच्या सराव-कॅम्पला जाऊन संघातल्या अकरांत जागा मिळवायची आहे, पंधराजणींशी झगडून. तिचे बाबा तिच्याशी बोलतात. माझ्याशी नाही. बरोबर आहे.

तू विचारलंस, सहा आठवडे गप्प का राहिलीस. राग न ठेवता विचारलंस, म्हणून सरळ सांगते.

एक्कावन्नच्या त्या स्पर्धेला मी गेले नव्हते. मार्चमध्ये माझं लग्न होतं, आणि लग्न झालेल्या मुलीला शाळा खेळू देत नसे. मार्चमध्येच का होतं ते तुझ्या आईचा वाढदिवस बघ आणि बोटांवर मोज. दहावीतून नाव काढलं, पुन्हा शाळेत गेले नाही. माझ्या जागी जिला उभी केली तिच्या डोक्यावरून एकेचाळीस पॉइंट गेले. आम्ही तीन पॉइंटांनी हरलो. व्हर्नाने अडतीस केले होते, तिचा फोटो आला. ते योग्यच होतं, अडतीस म्हणजे थोडे नव्हेत. पण गाव गाडीने परत आलं तेव्हा सगळे तिला विचारत होते, कसं झालं, काय झालं, आणि काय झालं ते मला माहीत होतं. एका गार्डने डावा पाय आधी उचलला. रेडिओवर ऐकूनसुद्धा मला कळलं होतं. मला कुणी विचारलं नाही. नंतरही नाही. अडवणाऱ्याला कुणी विचारत नाही, कारण तिचं काम नीट झालं तर काही घडतच नाही.

मग तू विचारलंस, आजी, काय दिसलं. आणि मी लिहिलं, आणि ते एका खोलीत टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी ऐकलं. त्यानंतर जे दिसलं नव्हतं ते सांगायला माझा हात उठेना. एवढंच आहे. यात रडण्यासारखं काही नाही, तेव्हा तूही रडू नकोस, पेन्सिल पसरते.

आता इथलं. व्हर्ना रोज सकाळी ब्रेन्नाला व्यायामशाळेत गाठते. भांडी पुसायचं फडकं घेऊन जाते, पोरीच्या काखेत ठेवते आणि म्हणते, “टाकताना हे पडलं तर कोपर बाहेर गेलं.” पहिल्या दिवशी फडकं सतत जमिनीवरच होतं. शनिवारी पन्नासांत एकोणीस पडले. व्हर्नाचा आवाज आता पार्किंगमध्येही ऐकू येतो: “पंख मिट, पोरी, पंख मिट.” मी बाकावर बसते आणि मोजते. ब्रेन्ना मला अजून मिसेस क्रूस म्हणते. त्या दिवशी जाताना मात्र थांबली. म्हणाली, “किती?” म्हटलं, “एकोणीस.” ती म्हणाली, “वीस होते. एक तुमचं चुकलं.” बहुतेक चुकलं असेल, ते लांबच्या बाजूला होतं.

शेवटचा तुझा प्रश्न. कॅम्पच्या शेवटच्या दिवशी एक जागा उरली आणि ती आणि दुसरी कुणी अशा दोघी समोर राहिल्या, तर ब्रेन्नाला ठेवू की सोडू? ती मे महिन्यापर्यंत बास्केटकडे बघायला शिकेल का?

अडवण्याबद्दल मला ठाऊक होतं ते चार पत्रांत सांगून झालं. राहिलंय ते मैदानाच्या त्या बाजूचं, आणि तिथलं मला कळत नाही हे आता तुझ्या ऑफिसातही माहीत आहे. तेव्हा पुढचं पत्र मला लिहू नकोस. व्हर्ना डेकरच्या नावाने लिही, तिच्या घरी पाठव, लोहाराच्या दुकानाच्या मागचं पिवळं घर. तिला सगळं विचार, टोमणे न मारता विचार, आणि ती जे सांगेल ते त्या खोलीत सगळ्यांसमोर वाच. पहिलं अर्धं पान ती स्वतःबद्दल लिहील, तेही वाच.

या प्रश्नाचं उत्तर तीच देईल. मी देणार नाही.

आर्लिस क्रूस, गार्ड